दुधी काचेपासून लाइव्ह व्ह्यूपर्यंत : हाताने फोकस साधण्याच्या तंत्राचा इतिहास

छायाचित्रणात फोकस साधणे म्हणजे भिंग आणि प्रतिमा ग्रहण करणारे पृष्ठ यांमधील अंतर असे जुळवणे, की वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण त्या पृष्ठावर पुन्हा एका बिंदूत एकत्र यावेत. हे अंतर थोडेसे चुकले तरी बिंदूच्या जागी लहानसे प्रकाशवर्तुळ उमटते, आणि ते वर्तुळ डोळ्याला जाणवण्याइतके मोठे झाले की चित्र अस्पष्ट दिसते. डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यात हे काम यंत्रावर न सोपवता हाताने करू पाहणाऱ्याला एक अडचण हमखास भेटते : व्ह्यूफाइंडरमध्ये लख्ख दिसलेला चेहरा संगणकाच्या पडद्यावर मोठा करून पाहिला, की डोळ्यांऐवजी कानाची पाळी स्पष्ट आलेली आढळते. या चुकीचे खापर बहुधा छायाचित्रकाराच्या नजरेवर किंवा हातावर फोडले जाते. तिचे मूळ मात्र कॅमेऱ्याच्या जडणघडणीत आहे. डोळा ज्या पृष्ठावर फोकस पारखतो आणि चित्र ज्या पृष्ठावर उमटते, ती दोन्ही पृष्ठे आरंभी एकाच जागी होती. वेग, सोय आणि उजळ दृश्य यांच्यासाठी ती पुढे एकमेकांपासून दूर गेली, आणि त्यांचा मेळ पुन्हा घालण्याच्या खटपटीतून फोकसिंगची बहुतेक साधने जन्माला आली.

कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे एका बारीक छिद्रातून आलेल्या प्रकाशाने समोरच्या भिंतीवर बाहेरचे उलटे दृश्य उमटवणारी अंधारी खोली, छायाचित्रणाच्या कितीतरी शतके आधीपासून ज्ञात होती. परंतु छिद्र रिकामे होते तोवर फोकसचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण अशा छिद्राने पाडलेल्या प्रतिमेला स्पष्टतेची एकच एक जागा नसते. सोळाव्या शतकात छिद्रात बहिर्गोल भिंग आले, प्रतिमा उजळली, आणि त्याबरोबरच ती ठरावीक अंतरावरच स्पष्ट दिसू लागली. व्हेनिसचे विद्वान दानिएले बार्बारो यांनी १५६८च्या सुमारास यथार्थदर्शनावरील आपल्या ग्रंथात वृद्धांच्या चष्म्यातील भिंग छिद्रात बसवण्याचा आणि कागद पुढे-मागे सरकवून प्रतिमा सर्वांत स्पष्ट होईल ती जागा शोधण्याचा सल्ला दिला. पुढच्या शतकात, १६८५मध्ये, योहान त्सान यांनी प्रकाशविद्येवरील ग्रंथात हातात उचलून नेता येतील अशा पेट्यांच्या आकृत्या दिल्या; त्यांपैकी काहींत भिंगामागे ४५ अंशांत बसवलेला आरसा किरणांना वर वळवत होता, त्यामुळे पेटीच्या माथ्यावरील पडद्यावर दृश्य सुलटे दिसे. भिंग, तिरका आरसा आणि वरचा पडदा ही पुढच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्याची रचना येथेच पूर्ण झालेली दिसते; प्रतिमा टिकवून धरणारे रसायन तेवढे अजून सापडायचे होते.

ते १८३९मध्ये लुई दागेर यांच्या पद्धतीने लोकांसमोर आले, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या आल्फोन्स जिरू यांनी विक्रीसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यात फोकसची व्यवस्था अतिशय सरळ होती. एकात एक सरकणाऱ्या दोन लाकडी पेट्या, पुढच्या पेटीत भिंग आणि मागच्या पेटीच्या टोकाला दुधी काच, म्हणजे एका बाजूने घासून खरखरीत केलेली आणि त्यामुळे प्रतिमा अडवून दाखवणारी काच, एवढाच तिचा संसार होता. मागची पेटी सरकवून काचेवरील प्रतिमा स्पष्ट करायची, पेटी त्या जागी पक्की करायची, काच काढून घ्यायची आणि नेमक्या तिच्याच जागी रासायनिक थर दिलेली पत्री बसवायची. डोळ्याने पारखलेले पृष्ठ आणि चित्र ग्रहण करणारे पृष्ठ येथे वेळेने वेगळे होते, जागेने एकच होते. या व्यवस्थेची अचूकता सर्वस्वी सुताराच्या हातावर अवलंबून होती, कारण काचेची खरखरीत बाजू आणि पत्रीचा थर हे दोन्ही भिंगापासून तंतोतंत सारख्या अंतरावर आले, तरच डोळ्याचा निर्णय पत्रीलाही लागू पडे.

आरंभीच्या भिंगांनी सुताराच्या चुका बऱ्याच अंशी झाकल्या. जिरू यांच्या कॅमेऱ्यातील भिंग सुमारे एफ/१५ इतक्या लहान छिद्राने काम करत असे. एफ-अंक म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या, आणि ही संख्या जितकी मोठी तितके छिद्र लहान, किरणांचे शंकू निमुळते आणि फोकसच्या चुकीला क्षमा अधिक. १८४०मध्ये व्हिएन्नातील गणितज्ञ योझेफ पेट्झवाल यांनी सुमारे एफ/३.६चे भिंग गणिताने सिद्ध केले, तेव्हा पंधरा पटींहून अधिक प्रकाश आत येऊ लागला, माणसांची चित्रे मिनिटांऐवजी सेकंदांत मोजता येतील अशा अवधीत घेणे शक्य झाले, आणि त्याच पावलाने फोकसची क्षमाही आटली. त्यामुळे अशा भिंगाच्या पितळी नळीला दातेरी पट्टी आणि चाक जोडून बारीक हालचालीची सोय करण्यात आली. जास्त प्रकाशाची किंमत अधिक काटेकोर फोकसने मोजावी लागते, हा नियम छायाचित्रणाच्या इतिहासात पहिल्यांदा ठळकपणे येथे दिसला आणि पुढे कधीच बदलला नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट उघड झाली. दुधी काचेवर निर्दोष दिसलेले चित्र पत्रीवर अस्पष्ट उमटे, कारण डोळा मुख्यतः पिवळ्या-हिरव्या प्रकाशाने पाहत असे, तर त्या काळचे रसायन निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत असे, आणि पुरेशी दुरुस्ती नसलेले भिंग या दोन रंगांना वेगवेगळ्या अंतरांवर एकत्र आणत असे. लंडनमध्ये व्यवसाय करणारे फ्रेंच छायाचित्रकार आंत्वान क्लोदे यांनी १८४०च्या दशकात या दोन नाभींमधील फरकाचा पाठपुरावा केला आणि तो मोजण्यासाठी फोसिमीटर नावाचे साधन वापरले. त्यात क्रमांक घातलेले छोटे तुकडे एकामागे एक, भिंगापासून वेगवेगळ्या अंतरांवर मांडलेले असत. डोळ्याने मधल्या तुकड्यावर फोकस साधून चित्र घेतले, की प्रत्यक्षात कोणता क्रमांक सर्वांत स्पष्ट आला यावरून चुकीची दिशा आणि मात्रा कळे. आज डिजिटल एसएलआरची तपासणी करताना तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीचे छायाचित्र घेतात, त्यामागे क्लोदे यांचीच पद्धत आहे : डोळ्याच्या निर्णयावर विसंबून न राहता त्याची पडताळणी अंतिम चित्रावरून करायची.

दुधी काच, डोक्यावर ओढलेले काळे कापड आणि उलटी प्रतिमा हे पुढची अनेक दशके छायाचित्रकाराच्या कामाचे नित्य स्वरूप राहिले. मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय सदस्य तिच्यात काम करू लागले, तेव्हा त्यांनाही हीच रीत अंगवळणी पाडावी लागली. स्थिर वस्तू आणि तिपाई असेल तेथे ती अचूक होती. परंतु काच काढून पत्री बसवली की कॅमेरा आंधळा होत असे, आणि मधल्या क्षणांत समोरची व्यक्ती जराशी पुढे झुकली तरी साधलेला फोकस वाया जाई. थॉमस सटन यांनी १८६१मध्ये ज्या कॅमेऱ्याचे पेटंट घेतले, त्याने या दोषावर उपाय सुचवला : भिंगामागे बिजागरीवर आरसा ठेवायचा, त्याने प्रतिमा वरच्या काचेवर फेकायची, आणि चित्र घेण्याच्या वेळी आरसा उचलून प्रकाश थेट पत्रीकडे जाऊ द्यायचा. दिसणारे दृश्य आणि टिपले जाणारे दृश्य एकाच भिंगातून येत असल्यामुळे या प्रकाराला सिंगल लेन्स रिफ्लेक्स, संक्षेपाने एसएलआर, असे नाव रूढ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी न्यूयॉर्कच्या फोल्मर आणि श्विंग यांच्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्यांनी ही कल्पना वृत्तछायाचित्रकारांच्या हाती दिली.

या सोयीबरोबर कॅमेऱ्यात एक नवे भूमितीय बंधन शिरले. भिंगापासून आरशापर्यंत आणि आरशापासून वरच्या काचेपर्यंतचे एकूण अंतर हे भिंगापासून पत्रीपर्यंतच्या अंतराइतकेच असले पाहिजे, आणि आरसा प्रत्येक वेळी उठून पुन्हा त्याच कोनात बसला पाहिजे. डोळ्याचे पृष्ठ आता चित्राच्या पृष्ठाचे केवळ प्रतिनिधी झाले होते, आणि यंत्राची घडण जितकी खरी तितकेच ते प्रतिनिधित्व खरे होते. मोठ्या पत्रींच्या कॅमेऱ्यात हा फरक फारसा जाणवला नाही. पण विसाव्या शतकात चित्राचा आकार लहान होऊ लागला, तेव्हा प्रत्येक चित्र मोठे करूनच पाहण्याची रीत पडली आणि फोकसची प्रत्येक चूकही त्याबरोबर मोठी होऊ लागली.

ऑस्कर बार्नाक यांच्या आराखड्यावरून १९२५मध्ये बाजारात आलेल्या लायकाने ३६ × २४ मिलिमीटरची चौकट रूढ केली, आणि त्या कॅमेऱ्यात दुधी काचेला जागाच नव्हती. छायाचित्रकाराने अंतर अंदाजाने ठरवायचे आणि लेन्सवरील आकड्यांनुसार कडे फिरवायचे. या अंदाजाच्या जागी रेंजफाइंडर आला. त्यात एकमेकांपासून काही सेंटीमीटर दूर असलेल्या दोन खिडक्यांतून एकच वस्तू पाहिली जाते, आणि एका बाजूचा आरसा किंवा लोलक फिरवून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर आणल्या, की त्या फिरण्यावरून वस्तूचे अंतर मिळते. १९३२च्या लायका २ आणि कॉन्टॅक्स १ या कॅमेऱ्यांत हे साधन लेन्सच्या हालचालीशीच जोडले गेले. १९५४च्या लायका एम३ मध्ये दोन खिडक्यांमधील अंतर ६८.५ मिलिमीटर होते, आणि लहान नाभीय अंतराच्या लेन्ससाठी त्याची अचूकता उत्कृष्ट होती. परंतु १३५ मिलिमीटरच्या पुढच्या लेन्सना किंवा अगदी जवळच्या वस्तूंना हे अंतर अपुरे पडे. शिवाय रेंजफाइंडर प्रतिमा पाहतच नाही, तो अंतर मोजतो, त्यामुळे लेन्समधील दोष त्याला कळत नाही. फ्रांके आणि हायडेके यांच्या १९२९च्या रोलायफ्लेक्सने निराळी वाट धरली : एकावर एक अशा दोन सारख्या लेन्स, एक पाहण्यासाठी आणि दुसरी चित्रासाठी, दोन्ही एकाच फळीवर. दुधी काच परत आली, मात्र डोळ्याची लेन्स चित्राच्या लेन्सपासून वेगळी झाली.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मसाठी दुधी काच आणि एकच लेन्स यांची जोडी १९३६मध्ये ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीच्या किने एक्झाक्टाने जमवली. त्यात कमरेजवळ कॅमेरा धरून वरून खाली पाहावे लागे, आणि दृश्यात डावे-उजवे उलट दिसे. ड्रेस्डेनचाच कॉन्टॅक्स एस १९४९मध्ये आला, आणि त्यातील पेंटाप्रिझम, म्हणजे प्रतिमा आतल्या आत परावर्तित करून सुलटी करणारा पंचकोनी लोलक, यामुळे कॅमेरा डोळ्याला लावून थेट समोर पाहता येऊ लागले. चित्र घेतल्यावर आरसा आपोआप खाली येण्याची व्यवस्था जपानच्या १९५४च्या असाहीफ्लेक्स २बी ने व्यवहारात रुजवली, आणि पुढे स्वयंचलित अ‍ॅपर्चरने लेन्सचे छिद्र फोकस साधताना पूर्ण उघडे ठेवून चित्राच्या क्षणीच ठरलेल्या मापापर्यंत मिटण्याची सोय केली. १९५९च्या निकॉन एफ मध्ये ही सारी अंगे एकत्र आली, आणि त्याची फोकसिंग स्क्रीन, म्हणजे आरशाच्या वर बसणारी ती जुनीच दुधी काच, कामानुसार बदलताही येत होती.

दुधी काचेवर फोकस पारखताना डोळ्याला स्पष्टतेचा कळस ओळखावा लागतो, आणि कळसाच्या आसपास फरक इतका हळू बदलतो की निर्णय डळमळतो. फ्रेंच अभियंता ल्युसियाँ दोदाँ यांनी १९४०च्या दशकात यावर जो उपाय पुढे आणला, तो या सबंध इतिहासातील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक आहे. स्क्रीनच्या मध्यभागी विरुद्ध दिशांनी उतरत्या काचेच्या दोन पाचरी बसवल्या, की प्रतिमा नेमकी स्क्रीनच्या पातळीवर असताना त्या तिला हलवत नाहीत. ती पुढे किंवा मागे असेल, तर एक पाचर तिला डावीकडे आणि दुसरी उजवीकडे सरकवते, आणि उभी रेघ मधोमध तुटलेली दिसते. मानवी डोळा दोन बिंदू वेगळे ओळखण्यात सुमारे एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, पोहोचतो. परंतु दोन रेघा एका सरळीत आहेत की नाहीत, हे तो त्याच्या कित्येक पट सूक्ष्म, काही विकलांच्या फरकापर्यंत सांगू शकतो. स्लेटवर दोन पट्ट्या जोडून एक सरळ रेघ आखणाऱ्या मुलाला जो सांधा लगेच खटकतो, तीच क्षमता या पाचरींनी फोकसच्या कामी लावली. त्यांच्या भोवती सूक्ष्म पिरॅमिडांचे एक वलय, म्हणजे मायक्रोप्रिझम, बसवण्याची रीतही पडली. फोकस चुकला असेल तर त्यातील प्रतिमा थरथरत्या कणांत फुटते आणि जुळला की एकदम शांत होते.

या पाचरींची मर्यादा त्यांच्या तत्त्वातच होती. एक पाचर लेन्सच्या एका कडेतून आलेले किरण पाहते आणि दुसरी विरुद्ध कडेतून आलेले, त्यामुळे एफ/५.६ किंवा त्याहून लहान छिद्राच्या लेन्समध्ये त्या कडाच उरत नाहीत आणि मधल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. तरीही १९६० आणि १९७०च्या दशकांत हाताने फोकस साधण्याची कला तिच्या सर्वोत्तम साधनांसह नांदत होती. लेन्सचे कडे तेलकट मळसूत्रावर जड आणि एकसारखे फिरे, जवळच्या टोकापासून अनंतापर्यंत जाण्यास ते बरेच वळवावे लागे, आणि अनंताच्या खुणेपाशी ते पक्के अडत असे. १९७२च्या ऑलिम्पस ओएम-१ चा व्ह्यूफाइंडर ५० मिलिमीटरच्या लेन्सने दृश्य ०.९२ पट आकारात दाखवत असे, म्हणजे उघड्या डोळ्याला जे दिसते त्याच्या जवळजवळ बरोबरीने.

स्वयंचलित फोकसने हे चित्र आतून बदलले. १९७७च्या कोनिका सी३५ एएफ पासून साध्या कॅमेऱ्यांत आलेले हे तंत्र १९८५च्या मिनोल्टा अल्फा ७००० ने एसएलआरच्या अंगातच बसवले. यातील फेज डिटेक्शन पद्धत लेन्सच्या दोन विरुद्ध कडांतून आलेल्या प्रतिमांची तुलना करते, म्हणजे दोदाँ यांच्या पाचरींचेच तत्त्व डोळ्याऐवजी विद्युत संवेदकाकडे सोपवते. त्यासाठी मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक करावा लागला; त्यातून पार झालेला प्रकाश मागच्या छोट्या आरशाने कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या संवेदकाकडे वळवला जाई, आणि तेवढा प्रकाश स्क्रीनला कमी पडे. त्याच सुमारास एफ/३.५ ते एफ/५.६च्या झूम लेन्स घरोघरी गेल्या. या दोन्ही कारणांनी स्क्रीन अंधारल्या, तेव्हा निर्मात्यांनी अधिक उजळ स्क्रीन तयार केल्या, आणि हाताने फोकस साधणाऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान येथे झाले.

खरखरीत काच प्रकाश चहूकडे विखुरते, म्हणून लेन्सच्या कडेतून तिरपे आलेले किरणही तिच्यामार्फत डोळ्यापर्यंत पोहोचतात, दृश्य काहीसे अंधारे होते, पण फोकसची चूक चटकन दिसते. उजळ स्क्रीनवरील सूक्ष्म भिंगे प्रकाश कमी विखुरतात, दृश्य प्रकाशमान होते, मात्र डोळ्यापर्यंत मुख्यतः मधले किरणच येतात. एफ/१.४ची लेन्स अशा स्क्रीनवर साधारण एफ/२.८ असल्यासारखी दिसते, आणि चित्र मात्र एफ/१.४ने घेतले जाते. व्ह्यूफाइंडरमध्ये जे स्पष्ट दिसले ते चित्रात अस्पष्ट का, याचे हे पहिले उत्तर आहे. पाचरी आणि मायक्रोप्रिझम बहुतेक कॅमेऱ्यांतून हद्दपार झाले, आणि मोटरला झटपट हलवता यावे म्हणून लेन्सची कडी हलकी व थोडक्यात फिरणारी झाली, त्यामुळे बोटाचा किंचित स्पर्शही फोकस लांब नेऊ लागला.

डिजिटल एसएलआरला हा सारा वारसा मिळाला आणि त्यात आणखी दोन अडचणींची भर पडली. पहिली आकाराची होती. १९९९च्या निकॉन डी१ पासून लोकप्रिय झालेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागी प्रतिमा टिपणारा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून लहान होता, त्यामुळे आरसा आणि स्क्रीनही लहान झाली; स्वस्त कॅमेऱ्यांत काचेच्या भरीव पेंटाप्रिझमच्या जागी आरशांची पोकळ जुळणी आली. २००३च्या कॅनन ईओएस ३००डी चा व्ह्यूफाइंडर दृश्य ०.८८ पट दाखवत असे, पण सेन्सरच्या १.६ पट लहानपणाचा हिशेब केला तर ते ओएम-१ च्या मोजणीत अवघे ०.५५ पट भरते. म्हणजे डोळ्याला मिळणाऱ्या दृश्याची रुंदी सुमारे सहा दशांश आणि क्षेत्रफळ जेमतेम एक तृतीयांश उरले. दुसरी अडचण सेन्सरच्या काटेकोरपणाची होती. फिल्म किंचित वाकते आणि तिच्या थराला जाडी असते, म्हणून पूर्वी ०.०३ मिलिमीटरपर्यंतचे प्रकाशवर्तुळ स्पष्ट मानण्याचा संकेत होता. सेन्सर काचेसारखा सपाट असतो, आणि २०१२च्या निकॉन डी८०० मध्ये त्यावरील एकेक पिक्सेल सुमारे ०.००५ मिलिमीटरचा होता. एफ/१.४ला जुना संकेत प्रतिमेच्या बाजूस एकूण ०.०८४ मिलिमीटरची सूट देतो, तर पिक्सेलचे माप धरल्यास ती सुमारे ०.०१४ मिलिमीटरवर येते.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होतो. ८५ मिलिमीटर, एफ/१.४ची लेन्स दोन मीटरवरील चेहऱ्यावर रोखली, तर जुन्या संकेतानुसार स्पष्ट दिसणाऱ्या भागाची एकूण खोली, जिला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, सुमारे साडेचार सेंटीमीटर असते, म्हणजे फोकसच्या जागेपुढे आणि मागे दोन-सव्वादोन सेंटीमीटर. आता कॅमेऱ्यातील फोकसिंग स्क्रीन तिच्या योग्य जागेपासून केवळ ०.०५ मिलिमीटर सरकली असेल, तर वस्तूच्या बाजूला ती चूक सुमारे अडीच सेंटीमीटर होते. छायाचित्रकाराने पापणीवर बिनचूक फोकस साधला तरी ती सुटते, आणि दोष त्याच्या नजरेचा नसतो. डिजिटल एसएलआरमध्ये लेन्सपासून स्क्रीनपर्यंत, लेन्सपासून स्वयंचलित फोकसच्या संवेदकापर्यंत आणि लेन्सपासून सेन्सरपर्यंत असे तीन प्रकाशमार्ग आहेत. ते शतांश मिलिमीटरच्या आत सारखे असावे लागतात, आणि डोळ्याला त्यांपैकी फक्त पहिला दिसतो.

जाणकार छायाचित्रकारांनी यावर जुन्या साधनांकडे वळून उपाय शोधले. कॅननने २००५च्या ईओएस ५डी साठी ईई-एस नावाची अधिक खरखरीत स्क्रीन दिली, जी एफ/२.८ किंवा त्याहून मोठ्या छिद्राच्या लेन्सवर फोकस चटकन दाखवते आणि लहान छिद्राच्या लेन्सवर दृश्य अंधारते. पाचरी आणि मायक्रोप्रिझम असलेल्या स्क्रीन काही स्वतंत्र निर्माते बनवू लागले. त्या बसवताना पातळ पट्ट्या घालून किंवा काढून स्क्रीनची उंची जुळवणे आवश्यक ठरे, आणि काही कॅमेऱ्यांत स्क्रीन बदलल्यावर प्रकाशमापनही बिघडत असे. ज्यांना कॅमेरा उघडायचा नव्हता त्यांच्यासाठी व्ह्यूफाइंडरच्या तळाशी पेटणारा हिरवा ठिपका होता, जो स्वयंचलित फोकसच्या संवेदकाच्या मते प्रतिमा जुळली की उजळतो. परंतु कडे थोडे पुढे-मागे फिरले तरी तो पेटलेलाच राहतो, म्हणून मोठ्या छिद्राला त्याची ग्वाही पुरेशी नसते.

निर्णायक उपाय ताऱ्यांचे छायाचित्रण करणाऱ्यांच्या गरजेतून आला. स्वयंचलित फोकसच्या लेन्स तापमानाने होणाऱ्या प्रसरणासाठी अनंताच्या खुणेपलीकडेही फिरतात, म्हणून कडे शेवटपर्यंत फिरवून तारा जुळत नाही, आणि अंधाऱ्या स्क्रीनवर तो नीट दिसतही नाही. २००५मध्ये कॅननने खगोल छायाचित्रणासाठी काढलेल्या ईओएस २०डीए मध्ये आरसा वर उचलून सेन्सरवर पडणारी प्रतिमाच मागच्या पडद्यावर मोठी करून दाखवण्याची सोय केली. याच सोयीला लाइव्ह व्ह्यू म्हणतात. २००६च्या ऑलिम्पस ई-३३० ने ती सर्वसाधारण ग्राहकाकडे नेली आणि २००७मध्ये कॅनन व निकॉन यांच्या अनेक कॅमेऱ्यांत ती आली. डोळा आणि चित्र यांचे पृष्ठ पुन्हा एक झाले. स्क्रीनची उंची, आरशाचा कोन आणि दोन मार्गांमधील फरक हे सारे प्रश्न एकदम गळून पडले, कारण जो सेन्सर चित्र घेणार होता तोच आता फोकस दाखवत होता. रशियातील हौशी खगोलनिरीक्षक पावेल बाख्तिनोव यांनी २००५मध्ये सुचवलेली चिरांची जाळी या पडद्याला पूरक ठरली. ती लेन्ससमोर धरली की ताऱ्याभोवती प्रकाशाच्या तीन रेषा उमटतात, आणि मधली रेषा इतर दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस साधला जातो. येथेही डोळ्याला कळस शोधायचा नसतो, केवळ रेषेची जागा पाहायची असते.

२००८मध्ये निकॉन डी९० आणि कॅनन ईओएस ५डी मार्क २ हे एसएलआर चलच्चित्रणही करू लागले, आणि हाताच्या फोकसला पुन्हा व्यावसायिक महत्त्व आले, कारण चालू दृश्यात फोकस एका व्यक्तीवरून दुसऱ्या व्यक्तीवर सावकाश नेणे त्या काळच्या यंत्रणेला जमत नव्हते. जुन्या, जड कड्यांच्या लेन्स कपाटांतून बाहेर निघाल्या. कोणती लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर चालेल हे लेन्सचा टेकू आणि सेन्सर यांमधील अंतर ठरवते : कॅनन ईएफ कॅमेऱ्यांत ते ४४ मिलिमीटर आहे, निकॉन एफ मध्ये ४६.५ आणि जुन्या एम४२ मध्ये ४५.४६, म्हणून या दोन्ही प्रकारांच्या लेन्स कॅननवर पातळ कडे घालून अनंतापर्यंत फोकस होतात, तर कॅननच्याच ४२ मिलिमीटर अंतराच्या जुन्या एफडी लेन्स मध्ये जादा भिंग घातल्याशिवाय होत नाहीत. झाइसनेही २००६पासून निकॉनसाठी आणि पुढे कॅननसाठी फक्त हाताने फोकस होणाऱ्या नव्या लेन्स काढल्या. मॅजिक लँटर्न या स्वयंसेवकांनी लिहिलेल्या आज्ञावलीने कॅननच्या पडद्यावर स्पष्ट कडा रंगाने ठळक करणारे फोकस पीकिंग आणले.

या दीर्घ अनुभवातून काही पद्धती स्थिरावल्या. व्ह्यूफाइंडर वापरायचा असेल, तर त्याशेजारील चक्राने दृष्टीचा नंबर आधी असा जुळवावा, की स्क्रीनवर कोरलेल्या खुणा काळ्याभोर दिसतील. अन्यथा डोळा स्क्रीनच्या मागेपुढे तरंगणाऱ्या प्रतिमेवर स्थिरावतो. कडे स्पष्टतेच्या पलीकडे नेऊन परत आणावे, कारण दोन्ही बाजूंची अस्पष्टता पाहिल्यावरच मधली जागा निश्चित होते. वस्तू स्थिर असेल आणि तिपाई असेल, तर लाइव्ह व्ह्यू पाच किंवा दहा पट मोठा करून फोकस साधावा, आणि लेन्सचे छिद्र मिटताना जिचा फोकस सरकतो अशी लेन्स असेल, तर ज्या छिद्राने चित्र घ्यायचे त्याच छिद्राला तो पारखावा. शेवटी, घेतलेले चित्र पूर्ण मोठे करून पाहावे, जे क्लोदे यांनी दागेरच्या काळातच आवश्यक ठरवले होते.

२००८मध्ये पॅनासॉनिक जी१ पासून आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी सेन्सरचीच प्रतिमा डोळ्याजवळच्या छोट्या पडद्यावर नेली, आणि आरसा असलेल्या कॅमेऱ्यांची परंपरा हळूहळू मागे पडली. २०२०मध्ये आलेले कॅनन ईओएस-१डी एक्स मार्क ३ आणि निकॉन डी६ हे त्या दोन घराण्यांच्या व्यावसायिक एसएलआर परंपरेतील अखेरचे कॅमेरे ठरले. तरीही जगभर असंख्य डिजिटल एसएलआर अजून कामात आहेत, आणि कमी किमतीत हाती येणाऱ्या या कॅमेऱ्यांवरच अनेकजण छायाचित्रण शिकतात. त्यांच्यासाठी या इतिहासाचा निष्कर्ष व्यावहारिक आहे. फोकसची अचूकता नजरेच्या तीक्ष्णतेपेक्षा ती नजर कोणत्या पृष्ठावर टेकली आहे यावर अधिक अवलंबून असते, आणि आपल्या कॅमेऱ्यातील स्क्रीन सेन्सरशी कितपत खरी आहे हे एकदा मोजून ठेवणारा छायाचित्रकार पुढची बरीच वर्षे स्वतःच्या हाताला विनाकारण दोष देण्यापासून वाचतो.